पिल्लू पाहून मासा घेऊ नका

आमच्या घरी फिश टँक आला तो धाकट्याच्या हट्टापायी. सहामाहीत गणितात चांगले गुण मिळाले तर मासे आणू, असे ह्यांनी एकदा बोलण्याच्या ओघात कबूल केले होते. ह्यांना वाटले, पोरगा विसरेल. पोरगा विसरला नाही. गणितातले गुणही त्याने आणून दाखवले. मग एका रविवारी सगळे मिळून दुकानात गेलो आणि दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची पेटी, खडी, फिल्टर, दिवा असा सारा संसार रिक्षातून घरी आणला. आठवडाभर नुसते पाणी फिरत ठेवले आणि पुढच्या रविवारी मासे आणले. दुकानदाराने स्वतःच निवडून दिले: दहा निऑन टेट्रा आणि दोन एंजल. निऑन म्हणजे अंगावर चमकती निळी रेघ आणि शेपटीकडे लाल रंग असलेला इवलासा मासा. एंजल त्या वेळी नाण्याएवढे होते. चपटे, उभट, पंख पसरून ऐटीत फिरणारे. "दोन्ही कम्युनिटीचे मासे आहेत, वहिनी. भांडण नाही, तंटा नाही," दुकानदार म्हणाला.

चार-पाच महिने खरोखरच तंटा झाला नाही. धाकट्याचा नेम असा, की शाळेचे दप्तर पाठीला अडकवले की टँकपुढे उभे राहून मासे मोजायचे आणि मगच बूट घालायचे. एके दिवशी तो म्हणाला, "आई, निऑन नऊच आहेत." मी म्हटले, झाडामागे असेल एखादा. पण झाडामागे नव्हता. फिल्टर उघडून पाहिला, टँकच्या मागे बॅटरी टाकून पाहिले, शेजारच्या मांजरावरही संशय घेऊन झाला. आठवड्याने सात उरले, मग पाच. एका रात्री मी पाणी प्यायला उठले आणि दिवा लावला, तर एंजलच्या तोंडातून निळी-तांबडी शेपटी बाहेर आलेली दिसली.

सकाळी मुलाला सांगणे भाग होते. तो रडला नाही. थोडा वेळ गप्प राहून त्याने एवढेच विचारले, "पण मग दुकानदारकाकांनी दोघांना एका पिशवीत का दिलं?"

मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मी या विषयात डोके घातले ते आजपर्यंत काढलेले नाही. आजचा लेख त्याच प्रश्नाच्या उत्तराचा आहे.

खरे तर एंजलचा काही अपराध नव्हता. एंजल आणि निऑन दोघेही दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या पाण्यातले. तिकडे मोठा एंजल अशाच लहानशा माशांवर गुजराण करतो. पूर्ण वाढलेला निऑन जेमतेम दीड इंचाचा. एंजलचे मात्र शरीर सहा इंचांपर्यंत जाते आणि वरखालचे पंख धरले तर उंची आठ इंचांच्याही पुढे. दुकानात दोघे एकाच मापाचे दिसले, कारण निऑन जवळजवळ वाढून संपलेला होता आणि एंजल वाढायला लागलेला होता. एक प्रौढ आणि एक बाळ, दोघे शेजारी उभे राहिले तर उंचीत फरक दिसू नये, तसा हा प्रकार.

बाजारातला जवळजवळ प्रत्येक शोभेचा मासा आपल्याला बाळपणीच भेटतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला जा, कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात जा, नाहीतर चेन्नईच्या कोळत्तूर भागात जा. ऑक्सिजन भरलेल्या फुगीर पिशव्यांतून दिसतात ती सगळी इंच-दोन इंचांची पिल्ले. त्याला कारणही तसेच आहे. मासे वाढवणाऱ्याला पिल्लू लवकर विकले तर खाद्याचा खर्च वाचतो, एका पिशवीत पन्नास मावतात, वाहतूक स्वस्त पडते. यात कोणी कोणाला फसवत नाही. पण ते पिल्लू उद्या केवढे होणार हे विचारायचे काम आपले, आणि आपण ते विचारत नाही. साडी घेताना पदर उलगडून पाहणाऱ्या आपण, मासा मात्र रंग पाहून उचलतो.

उद्याची लांबी

आता काही ओळखीच्या चेहऱ्यांची उद्याची लांबी सांगते.

ऑस्कर. दुकानात दीड-दोन इंचांचा, काळ्या अंगावर केशरी नक्षी, माणसाकडे टक लावून पाहणारा. मुले त्याच्या प्रेमातच पडतात. हा नीट पोसला तर वर्षभरात दहा इंचांवर जातो आणि पुढे एक फूट गाठतो. तुमची दोन फुटी पेटी एक फूट रुंद. त्यात त्याला वळतासुद्धा येणार नाही. शिवाय सोबतचे सगळे लहान मासे हा एकेक करून गिळणार.

'शार्क' म्हणून विकला जाणारा रुपेरी मासा. समुद्रातल्या शार्कशी त्याचे काही नाते नाही. यात दोन जाती मिळतात. एक सिल्व्हर शार्क, मोठे डोळे आणि पंखांना काळी किनार असलेला. तो वाढून एक फुटाच्या पुढे जातो. दुसरा निळसर-राखाडी, मिशा असलेला, काचेला धडका देत फिरणारा. तो म्हणजे चक्क पंगस. आंध्र प्रदेशातल्या तळ्यांत खाण्यासाठी वाढवतात, हॉटेलात ज्याचे तुकडे 'बासा' म्हणून पानात येतात, तोच हा. तळ्यात तो वर्षभरात किलोभर भरतो आणि नदीत मीटरभरापेक्षाही लांब होतो. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात त्याचे काय होणार, याची कल्पना तुम्हीच करा.

'पिराना' म्हणून मुलांना भुरळ घालणारे लाल पोटाचे पिल्लू बहुतेक वेळा रूपचंद असते. बाजारात मासळीच्या पाटीवर तुम्ही ते कित्येकदा पाहिले असेल. दीड-दोन फुटांचा ऐवज आहे तो.

आणि 'सकर'. याच्याबद्दल जरा जास्त लिहावे लागेल, कारण दहातल्या आठ घरांत तो 'टँक साफ ठेवतो' या समजुतीने आणला जातो. काचेला तोंड लावून बसणारा, खवल्यांऐवजी अंगावर हाडांच्या तबकड्या असलेला हा मासा लहानपणी शेवाळ खातो हे खरे. पण तो इतर माशांची घाण खात नाही. उलट मोठा झाल्यावर शेवाळ सोडून इतर खाद्यावर ताव मारतो आणि स्वतःच सगळ्यांपेक्षा जास्त घाण करतो. लांबी एक ते दीड फूट. शेवाळासाठीच मासा हवा असेल तर ब्रिसलनोझ नावाची याचीच चुलत जात मिळते. ती चार-पाच इंचांवर थांबते. नराच्या नाकावर काटेरी मिशांचे झुबके असतात म्हणून ते नाव. दुकानदाराकडे ते नाव घेऊन मागा. नुसते 'सकर द्या' म्हणालात तर फूटभराचाच हातात येईल.

वास्तू आणि भाग्याच्या नावाखाली घेतले जाणारे फ्लॉवर हॉर्न आणि अरोवाना यांच्यात मी पडत नाही. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण फ्लॉवर हॉर्न फूटभर वाढतो आणि दुसऱ्या माशाला शेजारी उभे करत नाही, आणि रुपेरी अरोवाना तर तीन फुटांकडे जातो, एवढे पैसे मोजण्याआधी माहीत असावे.

गोल्डफिशचे नाव या यादीत वाचून कित्येकांना आश्चर्य वाटेल. काचेच्या गोल भांड्यात, टेबलावर, ही त्याची आपल्या मनातली जागा. पण गोल्डफिश हा कार्प कुळातला मासा आहे. फुगीर अंगाच्या, दुहेरी शेपटीच्या जाती सहा ते आठ इंच होतात आणि साधा लांबट गोल्डफिश तळ्यात फूटभर. तो दहा-पंधरा वर्षे जगू शकतो. आपल्याकडे तो दोन-चार महिन्यांत जातो आणि आपण म्हणतो, "नाजूक असतात हो हे मासे." तो नाजूक नसतो. भांडे लहान असते.

'टँकच्या मापानेच मासा वाढतो'

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ऐकू आले की कान झाकावेसे वाटतात. लहान टँकमध्ये ठेवला की मासा लहानच राहतो, तेव्हा काळजीचे कारण नाही, असा त्याचा अर्थ लावतात. लहान जागेत माशाची वाढ खुंटते हे खरे आहे. पण ती त्याच्या समजूतदारपणामुळे नाही, तर साचलेल्या घाणीमुळे आणि हालचालीला जागा नसल्यामुळे. लहान माप झालेले बूट मुलाच्या पायात तसेच ठेवावेत आणि पाय वाढत नाही म्हणून समाधान मानावे, असा हा हिशेब आहे. अशा माशाचा पाठीचा कणा वाकलेला दिसतो, रंग उतरतो, रोग लवकर जडतात, आणि आयुष्याची वर्षे महिन्यांवर येतात.

आता थोडे गणित. धाकट्याच्या वहीतले आहे, म्हणजे सोपेच आहे.

दोन बाय एक बाय एक फुटाच्या पेटीत काठोकाठ भरले तर सुमारे ५६ लिटर पाणी मावते. खालची खडी, आतले दगड आणि वर सोडलेली बोटभर जागा वजा केली की हातात ४५ लिटरच्या आसपास उरतात. जुन्या हौशी लोकांचा एक नियम आहे: एका गॅलनला, म्हणजे साधारण चार लिटरला, एक इंच मासा, शेपटी सोडून. त्या हिशेबाने आपल्या पेटीत ११-१२ इंच मासे. नियम बरा आहे, पण तो बारीक अंगाच्या, दोन-अडीच इंचांच्या आतल्या माशांपुरताच. पुढे तो साफ चुकतो.

कारण मासा नुसता लांबीने वाढत नाही. उंचीने आणि जाडीनेही वाढतो. लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट नव्हे, आठपट होते. एक इंचाचे दहा मासे आणि त्याच घडणीचा दहा इंचांचा एक मासा, दोन्हीकडे बेरीज दहा इंचच. पण त्या एकट्याचे वजन त्या दहांच्या एकत्र वजनाच्या शंभरपट. खाणार तो जास्त, श्वास घेणार जास्त आणि घाण करणारही जास्त. माशाच्या घाणीतून पाण्यात अमोनिया उतरतो. खडीत आणि फिल्टरच्या स्पंजात वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी सगळे मासे आणू नयेत, हे तर आहेच. आमचा आठवडाभराचा धीर तसा कमीच पडला होता. पण जिवाणू कितीही मुरलेले असले तरी ४५ लिटरच्या पेटीत ऑस्करचा पसारा त्यांना आवरत नाही.

पेटीची उंची पाहूनही भुलू नका. पाण्यात प्राणवायू शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून. तेवढेच पाणी मावणारी उंच आणि अरुंद पेटी दिसायला छान, पण तिच्यात मासे कमी राहतात. त्यातून पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी. नागपूरकडच्या मे महिन्यात वीज गेली, पंप बंद पडला, की गच्च भरलेल्या टँकमधले मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात. मोकळ्या टँकला तेच दोन-तीन तास जड जात नाहीत.

तोंडाकडे पाहा

लांबीइतकेच महत्त्वाचे माशाचे तोंड. ज्याच्या तोंडात जो मावेल तो आज ना उद्या खाल्ला जाईल, असे धरूनच चालावे. यात राग-लोभ नाही. मासा शांत आहे, अजून त्याने कोणाला त्रास दिलेला नाही, याचा अर्थ एवढाच की अजून त्याचे तोंड तेवढे मोठे झालेले नाही. रुंद तोंडाचे, मिशा असलेले, दिवसा दगडाखाली पडून राहणारे कॅटफिश यात सगळ्यांत फसवे. दिवसभर दिसत नाहीत, आणि रात्री दिवा मालवला, लहान मासे झोपेत स्थिर झाले, की बाहेर पडतात. रेडटेल कॅटफिशचे बोटभर पिल्लू पाहून मोह होतो. तो मीटरभराच्या पुढे जाणारा प्राणी आहे.

उलट, लहान म्हणजे गरीब, हेही खरे नाही. केरळातल्या नद्यांतला बुटका पफर मासा जेमतेम एक-सव्वा इंचाचा. वाटाण्याएवढा, गोल डोळ्यांचा, अगदी खेळण्यासारखा. पण दुसऱ्याच्या पंखांचे लचके तोडण्यात पटाईत. टायगर बार्ब अडीच-तीन इंचांचा, पण लांब शेपटीच्या गप्पीला किंवा एंजलला तो सोडत नाही. त्याला आठ-दहांच्या घोळक्यात ठेवले तर ते आपापसांत गुंततात. दोन-तीनच ठेवले तर शेजाऱ्यांचे काही खरे नाही. फायटरचे दोन नर एका पेटीत ठेवू नयेत हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत असते.

मग घ्यावे काय? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारते, तुमच्या नळाला पाणी कुठले? तलावाचे, धरणाचे पाणी बहुधा मऊ, बोअरचे जड. बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी निऑनच्या मागे लागू नये. त्यांच्यासाठी पिल्ले देणारे मासे उत्तम: गप्पी, प्लॅटी, मोली. गप्पीचा नर सव्वा इंचाचा, मादी दोन इंचांची, प्लॅटी दोन-अडीच इंचांपर्यंत. मोली मात्र तीन-चार इंच होते आणि तिला जागा जास्त लागते; दोन फुटी पेटीत मी ती घेणार नाही. एका नराला दोन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर मादीला दम खाऊ देत नाही. आणि गप्पीच्या बाबतीत एक इशारा: महिन्या-दीड महिन्याने वीस-तीस पिल्लांचे बारसे करायची तयारी ठेवा. बरीचशी पिल्ले मोठे मासेच खातात, तरी पेटी भरायला वेळ लागत नाही. हिशेब उद्याच्या लांबीचा करायचा तसा उद्याच्या संख्येचाही करायचा. ज्यांना तो नको त्यांनी नुसते नर आणावेत. रंग तसेही त्यांचेच.

मऊ पाणी असेल तर आपल्याच देशातले काही मासे माझ्या विशेष आवडीचे आहेत. परदेशी माशांच्या झगमगाटात ते मागे पडतात. झेब्रा डॅनिओ हा गंगा-ब्रह्मपुत्रेकडचा मासा. अंगावर निळे-सोनेरी पट्टे, दीड-पावणेदोन इंचांचा, चपळ, काटक. सहाच्या थव्याने ठेवला तर टँकचा वरचा भाग सतत हलता राहतो. बुटका गोरामी आणि मधगोरामी हेही आपल्याच पूर्व-ईशान्येचे. मधगोरामी दोन इंचांवर थांबतो. मधाच्या रंगाचा, लाजाळू, पोटाखालच्या दोन लांब तंतूंनी आजूबाजूला चाचपडत फिरतो. गंमत म्हणजे या तिन्ही माशांचे शास्त्रीय वर्णन एकाच माणसाने केले, फ्रान्सिस हॅमिल्टनने, गंगेतल्या माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात. आपल्या नदीतले मासे दोनशे वर्षांपूर्वी कागदावर आले, आणि आपण मात्र दुकानात 'इम्पोर्टेड' शोधतो.

पण देशी म्हणजे लहान असेही समजू नका. 'मिस केरळ' नावाने विकला जाणारा लाल-काळ्या रेघांचा देखणा मासा पश्चिम घाटातल्या नद्यांतला. दुकानात दोन इंचांचा, वाढून पाच इंचांच्या आसपास. वाहत्या पाण्यात थव्याने सुसाट पोहणारा. त्याला चार फुटांची पेटी हवी. शिवाय जंगलातून फार पकडला गेल्यामुळे तो आज धोक्यात आलेल्या जातींत गणला जातो. दोन फुटी पेटीसाठी त्याचा एक जोड उचलणे मला तरी पटत नाही.

तळाशी फिरणारे काही हवे असेल तर कोरिडोरास घ्या. दोन-अडीच इंचांचे, मिशाळ, दिवसभर खडी हुंगत फिरणारे. एकटे ठेवू नका. चार-पाच घ्या आणि वरचे मासे तेवढे कमी करा. खडी बारीक आणि गुळगुळीत हवी, नाहीतर त्यांच्या मिशा झिजतात.

दुकानात गेल्यावर घाई करू नका. माशाचे दुकानातले नाव विचारा, पण त्यावर थांबू नका. एकाच नावाने चार मासे विकले जातात. पूर्ण वाढलेला कुठे पाहायला मिळेल, असे सरळ विचारा. चांगला दुकानदार आतल्या मोठ्या टँककडे बोट दाखवतो. हल्ली सगळ्यांच्याच हातात मोबाइल असतो. शास्त्रीय नाव लिहून घ्या, तिथेच उभे राहून पूर्ण लांबी पाहा आणि पिशवी बांधण्याआधी ठरवा. 'बदलून देऊ नंतर' या आश्वासनाचा उपयोग आहे, पण ते आधी पक्के करून घ्यावे. आम्ही नंतर विचारले, तेव्हा वाढलेला एंजल घ्यायला कोणी तयार नव्हते.

आता ज्यांच्या घरी मासा आधीच मोठा झाला आहे त्यांच्यासाठी. मला हा सगळ्यांत नाजूक विषय वाटतो. मासा टँकमध्ये मावेनासा झाला, मारवत तर नाही, मग सुट्टीच्या दिवशी पिशवीत घालून गावातल्या तळ्यात नाहीतर नदीत सोडून येतात. मुलेही बरोबर असतात. टाटा करतात. आपण एक जीव मोकळा केला असे सगळ्यांना वाटते. पण तो सकर तिथे मरत नाही, वाढतो. त्याला गिळेल असे तिथे फारसे कोणी नसते, काठाच्या मातीत बिळे करून तो अंडी घालतो आणि त्याच्या काटेरी अंगाने कोळ्यांची जाळी फाटतात. केरळ, तामिळनाडू, बंगाल, आंध्र अशा कितीतरी ठिकाणच्या पाण्यात तो आज पसरला आहे. २०२० साली वाराणसीजवळ गंगेतही सापडला. २०२३ साली तर श्रीनगरच्या दल सरोवरात मगरीसारख्या जबड्याचा अ‍ॅलिगेटर गार निघाला. तो मूळ अमेरिकेतला आणि आपल्याकडे शोभेचा म्हणून विकला जाणारा. काश्मीरला तो काही पोहत गेलेला नाही. तेव्हा विहीर, तळे, नदी, विसर्जनाचा हौद, कुठेही सोडू नका. दुकानदाराला परत द्या, फुकट द्या. मोठा टँक असलेला हौशी माणूस शोधा. कॉलनीतल्या सूचनाफलकावर चिठ्ठी लावली तरी कोणीतरी भेटते.

आम्हाला माणूस घरातच भेटला. माझ्या भावाकडे चार फुटी, दीड फूट उंच पेटी आहे आणि तिच्यात दोन इंचांहून लहान काही नाही. दोन्ही एंजल झाकणाच्या बादलीतून रिक्षाने मामाकडे गेले. धाकट्याने वाटभर झाकण धरून ठेवले होते. तोवर आमच्याकडे निऑन तीनच उरले होते. थव्याशिवाय ते भेदरून कोपऱ्यात बसत, म्हणून आणखी तीन आणले. नवे मासे दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवले आणि रोग नाही अशी खात्री झाल्यावरच सोडले. महिन्याने मधगोरामीचा जोड आणला. सहा निऑन आठ-नऊ इंच, दोन गोरामी चार इंच. धाकट्याने बेरीज करून दाखवली आणि "आता पुरे," असे त्यानेच जाहीर केले. दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलतो. नळाचे पाणी आदल्या दिवशीच उघड्या बादलीत भरून ठेवतो. हे काम आता ह्यांच्याकडे आहे, कारण कबूल त्यांनी केले होते.

भाऊबीजेला मामाकडे गेलो तेव्हा ओवाळून होण्याआधीच मुलगा टँकपाशी. खिशातून कंपासपेटीतली पट्टी काढून त्याने काचेला लावली आणि एंजल जवळ येईपर्यंत श्वास रोखून उभा राहिला. "साडेपाच इंच," तो म्हणाला. "आई, आपल्याकडे असता तर खालचा पंख खडीला लागला असता." घरी आल्यावर, रात्र झाली होती तरी, दिवा लावून त्याने सहा आणि दोन मोजले आणि मगच तो झोपायला गेला.